ऑगस्ट सोसणारी झाडं: अमेरिकेच्या दक्षिणेत बाग करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चमध्ये नर्सऱ्या फुलांनी भरतात आणि प्रश्न सुरू होतात. ऑगस्टमध्ये तेच लोक तेच प्रश्न पुन्हा विचारतात, फक्त सूर रडवेला झालेला असतो. मी डॅलसच्या उत्तरेला राहते, त्यामुळे उत्तरं टेक्सासकडे झुकणारच. जॉर्जिया, कॅरोलिना, लुईझियाना किंवा फ्लोरिडात उत्तर बदलत असेल तिथे तसं सांगितलं आहे.

पेरेनियल म्हणजे नेमकं काय? एकदा लावलं की कायमचं झालं, असंच ना?

तसं नाही. पेरेनियल, म्हणजे बहुवर्षायू झाड, दोनपेक्षा जास्त वर्षं जगतं, एवढाच त्याचा अर्थ. किती वर्षं, ते झाडावर. बॅप्टिशिया एकदा रुजली की वीस वर्षं जागा सोडत नाही. गॉरा मात्र तीन-चार वर्षांत दमते. बागकामाच्या बोलण्यात पेरेनियल म्हणजे बहुधा लाकूड न धरणारी झाडं. ती हिवाळ्यात जमिनीलगत वाळतात आणि वसंतात गड्ड्यातून पुन्हा फुटतात. दक्षिणेत ही व्याख्या थोडी सैल होते, कारण काही झाडं इथे वाळतच नाहीत आणि काही अर्धवट झुडपं होऊन बसतात.

लेबलवरच्या ‘पेरेनियल’ या शब्दावर विसंबू नका. कुठे पेरेनियल, हा खरा प्रश्न. मिशिगनमध्ये दरवर्षी परत येणारं झाड इथे जुलैत मरतं, आणि तिथे हंगामी म्हणून विकलं जाणारं लॅन्टाना इथे वर्षानुवर्षं टिकतं.

आमचा झोन ८ आहे. झोन बघूनच झाडं आणतो, तरी उन्हाळ्यात जातात. काय चुकतं?

चूक तुमची नाही, आकडाच अपुरा आहे. यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, झोन एकच गोष्ट सांगतो: वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी किती थंड असते. सध्याचा नकाशा नोव्हेंबर २०२३ मधला आहे, १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवर केलेला. झोन ८ म्हणजे ही रात्र १० ते २० अंश फॅरनहाइटची, झोन ९ म्हणजे २० ते ३० ची. अटलांटा आणि रॅली आठमध्ये येतात, डॅलस बहुतेक आठमध्येच, ह्यूस्टन नऊमध्ये. वायव्येकडचं सिअॅटलही याच आठ-नऊच्या पट्ट्यात मोडतं. सिअॅटलच्या उन्हाळ्यात डेल्फिनियम माणसाएवढं उंच होतं, इथे ते जूनमध्येच मान टाकतं. आकडा तोच, पण उन्हाळ्याबद्दल त्यात अक्षर नाही.

उन्हाळ्यासाठी दुसरा नकाशा आहे. अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने तो १९९७ मध्ये काढला. वर्षातले किती दिवस पारा ८६ अंशांच्या, म्हणजे ३० सेल्सियसच्या वर जातो, ते त्यात मोजलं आहे, कारण साधारण तिथून पुढे बऱ्याच झाडांना उष्णतेचा त्रास सुरू होतो. त्यात बारा पट्टे आहेत. पहिल्यात असा दिवस वर्षाकाठी एकही नाही, बाराव्यात २१० पेक्षा जास्त. लेबलवर हा आकडा क्वचितच छापतात, ही माझी जुनी तक्रार.

त्यातही दिवसापेक्षा रात्र जास्त घात करते. झाड दिवसा उन्हात साखर तयार करतं आणि रात्री श्वसनात त्यातली थोडी खर्च करतं. रात्र थंड असली की खर्च कमी होतो आणि शिल्लक मुळांत, फुलांत जाते. इथे जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे चार वाजताही अंगणात गेलं की भिंत कोमट लागते. झाडाची दिवसभराची कमाई रात्रीतच उडते. डेल्फिनियम, ल्युपिन असली डोंगराळ हवेची झाडं इथे उन्हाने मरण्याआधी उपासमारीनेच खंगतात. टेक्सासचं राज्यफूल ब्लूबोनेट हेही ल्युपिनच आहे, पण ते हुशार: शरद ऋतूत रुजतं, वसंतात फुलतं आणि उन्हाळा यायच्या आत बी टाकून मोकळं होतं.

म्हणून नर्सरीत ‘हे थंडीत टिकेल का?’ असं विचारण्याऐवजी ‘हे ऑगस्टमध्ये कसं दिसतं?’ असं विचारा. विकणाऱ्याने एक क्षण थांबून विचार केला तर नर्सरी चांगली आहे.

२०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीनंतर झोनवर भरवसा ठेवायचा का?

सरासरीवर ठेवायचा तेवढाच ठेवा. १६ फेब्रुवारी २०२१ ला डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उणे २ फॅरनहाइटची नोंद झाली. ही आपल्या झोनच्या कितीतरी खालची थंडी. त्या आठवड्यात इंडियन हॉथॉर्नची सदाहरित कुंपणं रांगेने जळाली. उलट जमिनीखाली जाऊन झोपणारी झाडं बहुतेक परत आली, कारण मातीच्या चार इंचांखाली हवेइतकी थंडी पोचत नाही. त्यानंतर मी सदाहरित झाडांवरचा खर्च कमी केला आणि गड्ड्यावर परत येणारी झाडं वाढवली.

आमची माती काळी, चिकट आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात. त्यात काही येईल का?

मराठवाड्यातून आलेल्या माणसाला ही माती पाहून गावी आल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. टेक्सासच्या ब्लॅकलँड पट्ट्यातली ‘ह्यूस्टन ब्लॅक’ आणि आपली रेगूर या दोन्ही व्हर्टिसॉल गटातल्या माती आहेत. पावसात फुगायचं, उन्हात आकसायचं, हात जाईल एवढ्या भेगा पाडायच्या, सगळं तेच. टेक्सासची राज्यमाती म्हणूनही हीच ओळखली जाते. नाव ह्यूस्टनचं असलं तरी तिचा खरा पट्टा डॅलसच्या उत्तरेपासून सॅन अँटोनिओकडे जातो. ती इतकी आकसते की इथे लोक उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती पाझरनळी टाकून पायालाही पाणी घालतात.

माती सुपीक आहे, अडचण निचऱ्याची आहे. उन्हाळ्यातल्या कोरडेपणापेक्षा हिवाळ्यात पाणी साचल्यामुळे जास्त पेरेनियल्स दगावतात. गारठ्यात झाड झोपलेलं असतं, पाणी ओढत नाही आणि मुळं कुजतात. यावर एक उपाय नेहमी सांगितला जातो तो टाळा: खोल खड्डा खणून त्यात नुसतं विकतचं कंपोस्ट भरणं. चिकण मातीत असा खड्डा म्हणजे माठ. आजूबाजूचं सगळं पाणी त्यात उतरतं आणि तिथेच थांबतं. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल ठेवा, दुप्पट रुंद करा, आणि रोपाचा माथा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा इंचभर वर राहू द्या. त्याहून बरं म्हणजे सगळाच वाफा सहा-आठ इंच उंच करून त्यात कंपोस्ट आणि एक्स्पांडेड शेल मिसळणं. शेल म्हणजे भाजून फुगवलेले हलके, सच्छिद्र खडे. ते कुजत नाहीत, त्यामुळे एकदाच टाकावे लागतात.

ही माती चुन्याची, अल्कधर्मी आहे. पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या की लोह मिळत नाही असं समजायचं. अझेलिया, गार्डेनिया यांचा हट्ट इथे सोडून द्यावा. जॉर्जिया आणि कॅरोलिनाच्या पीडमाँट भागातली लाल चिकण माती बहुधा आम्लधर्मी आहे, तिथे हीच झाडं आनंदात असतात. निचऱ्याचं दुखणं मात्र तिथेही आहे. फ्लोरिडात वाळू, म्हणजे उलटी तऱ्हा: पाणी आणि खत दोन्ही सरळ खाली जातं.

अंदाज करण्यापेक्षा माती तपासून घ्या. काउंटीच्या एक्स्टेन्शन, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या, कार्यालयामार्फत राज्याच्या कृषी विद्यापीठाकडे नमुना पाठवता येतो. ही सेवा १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यातून उभी राहिली, आणि परदेशातून आलेल्या बागकाम करणाऱ्याला तिचा पत्ता कुणी सांगत नाही.

लावायची कधी? वसंतातच ना?

दुकानं वसंतात भरतात, म्हणून सगळे वसंतात लावतात. दक्षिणेत लावायचा खरा हंगाम ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. हवा गार झालेली असते, पण माती अजून कोमट. वरची वाढ थांबते आणि मुळं खाली काम करत राहतात. एप्रिलमध्ये लावलेल्या रोपाला उन्हाळ्याआधी दोन महिने मिळतात, ऑक्टोबरमधल्याला आठ. मे महिन्यात फुललेलं रोप बघून मोह झाला तर कुंडीतच ठेवा, सकाळच्या उन्हात.

काठावरच्या झोनमधली झाडं, म्हणजे थंडीला जेमतेम तोंड देणारी, याला अपवाद. ती वसंतात लावून पहिल्या हिवाळ्याआधी मुळं धरू द्यावी. सोनटक्का आणि लॅन्टाना त्यातले.

भारतात लावायचो त्यातलं इथे जमिनीत काय टिकेल?

हा माझा आवडता प्रश्न, कारण उत्तर लोकांना वाटतं त्यापेक्षा मोठं आहे.

सोनटक्का टिकतो. झोन ८ मध्ये तो जमिनीलगत वाळतो आणि गड्ड्यातून परत येतो. त्याला ओलावा लागतो, म्हणून काळ्या मातीचा दोष इथे गुण ठरतो. छपराच्या पन्हाळीचं पाणी पडतं तिथे लावा, दुपारची सावली असेल अशा बेताने. ऑगस्टअखेरीस कळ्या येतात. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्या उमलताना शेजारी उभं राहिलं तर आधी वास येतो, फूल नंतर दिसतं. थंडीआधी गड्ड्यावर चार इंच पालापाचोळा घाला.

कर्दळ टिकते, इतकी की वाटावी लागते. तिचा शत्रू म्हणजे पान गुंडाळणारी अळी. ती पान उमलायच्या आत त्याची सुरळी शिवून टाकते आणि आत बसून खाते. सुरळीला एका ओळीत भोकं दिसली की पान कापून टाका. फारच झालं तर सगळं झाड जमिनीपर्यंत छाटा, सहा आठवड्यांत नवं उभं राहतं. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, त्यामुळे त्याला इथली हवा परकी नाही. चांगला निचरा असेल तर झोन ८-९ मध्ये कंद जमिनीतच राहू देता येतात. शेवंतीही टिकते. तिला जुलैच्या सुरुवातीपर्यंत शेंडे खुडून दाट करावं, मग हात लावू नये. ती दिवस लहान व्हायला लागल्यावरच कळ्या धरते, त्यामुळे रात्रभर पेटलेल्या अंगणातल्या दिव्याखाली लावलेली शेवंती गोंधळते.

जास्वंदीचं जरा नीट समजून घ्या. आपली देवाला वाहायची जास्वंद उष्ण कटिबंधातली. मध्य आणि दक्षिण फ्लोरिडा सोडलं तर ती कुंडीत ठेवून हिवाळ्यात आत घ्यावी लागते. पण अमेरिकेच्या आग्नेय भागाच्या स्वतःच्या जास्वंदी आहेत. हिबिस्कस मॉश्यूटस हिची फुलं जेवणाच्या ताटाएवढी. हिबिस्कस कॉक्सिनियस, जिला टेक्सास स्टार म्हणतात, तिच्या पाच लाल पाकळ्या चांदणीसारख्या सुट्या. दोन्ही दलदलीतल्या, ओल्या पायांना न घाबरणाऱ्या. फूल आपल्या जास्वंदीसारखंच एक दिवसाचं.

मिरची जास्वंदीची सख्खी बहीण इथे टर्क्स कॅप या नावाने मिळते, आणि दक्षिणेतलं माझं सगळ्यात लाडकं झाड तेच. न उघडणारी, पीळ घातलेली लाल फुलं मेपासून पहिल्या फ्रॉस्टपर्यंत, म्हणजे दव गोठवणाऱ्या पहिल्या थंडीपर्यंत, येत राहतात. हमिंगबर्ड दिवसभर त्यांच्यावर असतात. ऊन, सावली, काळी माती, ओकच्या मुळांमधली कोरडी जागा, सगळं चालतं. २०२१ नंतर माझ्याकडे पहिल्यांदा हीच उगवली.

मोगरा झोन ९ च्या उबदार भागाखेरीज कुंडीतच बरा. रात्री पारा चाळीस फॅरनहाइटच्या खाली जायला लागला की आत घ्या. तुळस इथे हंगामीच. मंजिऱ्या पडू दिल्या तर पुढच्या वर्षी आपोआप उगवते, एवढा दिलासा.

लॅन्टाना म्हणजे आपली घाणेरीच ना? पैसे देऊन घाणेरी आणायची?

हो, तीच. सह्याद्रीत जिने डोंगरच्या डोंगर गिळले ती घाणेरी इथे टोपलीत फुलवून विकतात. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. पण इथल्या पार्किंगच्या कडेला, डांबराची धग लागते तिथे, सप्टेंबरमध्ये फुललेलं दुसरं काही मला दिसत नाही. डॅलस-फोर्ट वर्थमध्ये २०११ साली ७१ दिवस पारा शंभर फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, तोही उन्हाळा तिने काढला.

फक्त बी न धरणारा वाण घ्या. ‘न्यू गोल्ड’ पसरणारा, पिवळा. ‘मिस हफ’ जॉर्जियातला, उंच, थंडीला सगळ्यात चिवट, झोन ७ मध्येही परत येतो. हिरव्या-काळ्या फळांचे घोस लागणारं झाड असेल तर ते पक्षी रानात नेणार. फ्लोरिडात रानटी घाणेरी आक्रमक वनस्पतींच्या यादीत वरच्या गटात आहे. तिथे मी ती लावणारच नाही, फायरबुश लावीन. पानं आणि कच्ची फळं जनावरांना विषारी, हे गुराख्यांच्या घरातल्यांना सांगायला नको.

लॅव्हेंडर, पिओनी, ट्युलिप? मासिकांत तर सगळीकडे तेच दिसतं.

ती मासिकं थंड प्रदेशासाठी निघतात. लॅव्हेंडरला ऊन चालतं, दमटपणा आणि ओली मुळं चालत नाहीत. टेक्सास हिल कंट्रीत चुनखडीच्या उतारांवर त्याची शेती होते, आणि तिथून चार तासांवरच्या ह्यूस्टनमध्ये ते पावसाळी आठवड्यात काळं पडतं. खडीच्या ढिगावर लावून बघायचं तर बघा. पिओनीला हिवाळ्याची भरपूर थंडी मोजून लागते. झोन ८ मध्ये लवकर फुलणारे वाण जमतात. १८५१ पासूनची ‘फेस्टिव्हा मॅक्सिमा’ दक्षिणेत पिढ्यानपिढ्या आहे. कोंब जेमतेम अर्धा इंच मातीखाली ठेवा, नाहीतर नुसती पानं येतील. ट्युलिप इथे हंगामी धरा.

होस्टासाठी जीव टाकणारे पुष्कळ भेटतात. झोन ९ मध्ये त्याला पुरेशी झोप मिळत नाही आणि अटलांटाच्या उपनगरांत हरणं त्याची कोशिंबीर करतात. त्याऐवजी अॅस्पिडिस्ट्रा घ्या. दिसायला साधी, पण अंधाऱ्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं तशीच.

पूर्ण उन्हासाठी नेमकी कोणती घ्यावी? नावं सांगा.

आधी ‘पूर्ण ऊन’ म्हणजे काय ते. लेबलवर त्याचा अर्थ सहा तास किंवा अधिक. सकाळचे सहा तास आणि दुपारी एक ते सात, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पश्चिमेची भिंत असेल तर यादी निम्मी होते.

त्या भिंतीपाशी टिकणारं माझं पहिलं नाव साल्व्हिया ग्रेगी. टेक्सास आणि मेक्सिकोची, लाल-गुलाबी-पांढऱ्या रंगांत मिळणारी. वसंतात आणि शरदात दोनदा जोमाने फुलते, मधल्या उन्हाळ्यात जरा विसावते. त्या विसाव्याला घाबरून पाणी वाढवू नका. तिच्या मागे साल्व्हिया ल्यूकँथा लावली तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मखमली जांभळे तुरे येतात. गुलाबी मुहली गवत ऑक्टोबरमध्ये मावळतीच्या उन्हात धुक्यासारखं दिसतं. ते सकाळी बघून निराश होऊ नका.

जॉर्जिया-कॅरोलिनाकडे पाऊस जास्त, वर्षाला पन्नास इंचांच्या आसपास. तिथे बॅप्टिशिया, अॅमसोनिया, कोनफ्लॉवर आणि रडबेकिया ‘गोल्डस्टर्म’ जास्त सुखात राहतात. अॅमसोनिया ह्युब्रिक्टी मूळची आर्कान्सा-ओक्लाहोमाकडची. वसंतातली फिकी निळी फुलं कुणी फारशी बघत नाही, पण शरदात सगळं झाड सोन्यासारखं पिवळं होतं. कुंडीत मात्र ती इतकी किरकोळ दिसते की कुणी उचलत नाही.

डे-लिली घ्यायची असेल तर सुप्त, अर्ध-सदाहरित की सदाहरित ते विचारा. हिवाळ्यात पूर्ण झोपणारे वाण आखाती किनाऱ्याकडे हळूहळू खुरटतात. घरात मांजर असेल तर डे-लिली नकोच, मांजराच्या मूत्रपिंडांना ती घातक आहे.

राज्यांचे चाचणी कार्यक्रमही उपयोगाचे: टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा ‘टेक्सास सुपरस्टार’, लुईझियाना स्टेट विद्यापीठाचा ‘लुईझियाना सुपर प्लांट्स’. अथेन्समधली जॉर्जिया विद्यापीठाची चाचणी बाग बघायला जाणार असाल तर मुद्दाम ऑगस्टमध्ये जा.

एप्रिल उजाडला तरी झाडाला फूट नाही. मेलं का?

थांबा. मी थांबले नव्हते. पहिल्या वर्षी टेक्सास स्टारच्या जागी एप्रिलमध्ये नुसत्या वाळक्या काड्या होत्या. आजूबाजूला सगळं हिरवं झालेलं. मी कुदळ घातली. गड्डा वर आला तेव्हा त्याच्या कडेला तांबूस, दाण्याएवढे तीन कोंब होते, त्यातले दोन कुदळीनेच तुटले. परत पुरला, पण त्या वर्षी फूल आलं नाही.

या जास्वंदी, सोनटक्का, लॅन्टाना ही सगळी उशिरा उठणारी मंडळी. माती चांगली तापल्याशिवाय हलत नाहीत. मेच्या मध्यापर्यंत वाट बघा. घाई असेल तर बुंध्याजवळची साल नखाने खरवडा: खाली हिरवं दिसलं तर जिवंत. काड्या नसतील तर बोटाने माती उकरून गड्डा दाबून बघा. घट्ट असेल तर झोपलाय, भिजलेल्या बटाट्यासारखा दबला तर गेला. आणि शरदातच प्रत्येकाशेजारी एक खूण रोवून ठेवा.

छाटणी कधी? थंडीत वाळलेलं अंगण शेजाऱ्यांना खुपतं.

लॅन्टाना, साल्व्हिया, जास्वंद यांना शरदात कापू नका. वाळक्या काड्या गड्ड्यावर पांघरुणासारख्या असतात आणि पोकळ देठ कापले की आत पाणी शिरून गोठतं. टेक्सासमध्ये गुलाब आणि साल्व्हिया ग्रेगी फेब्रुवारीच्या मध्याला निम्म्याने छाटतात. बाकीच्यांसाठी शेवटचा फ्रॉस्ट होऊन जाऊ द्या. शेजाऱ्यांसाठी फक्त पुढची रांग नीट ठेवली तरी भागतं.

रोज पाणी घालतो, तरी दुपारी माना टाकतात.

दुपारी चार वाजता मान टाकलेलं झाड तहानलेलं असेलच असं नाही. पानांतून जाणारं पाणी मुळांनी ओढलेल्यापेक्षा जास्त होतं, इतकंच. सकाळी सहाला बघा. तेव्हाही मलूल असेल तर पाणी द्या. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरच्याच इंचात राहतात. पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा सावकाश, खोलवर, नंतर गरज बघून. वर दोन-तीन इंच आच्छादन हवंच, बुंध्याला न टेकवता. जॉर्जियात पाइनच्या काड्या मिळतात, त्या उत्तम.

हळदीकुंकवाचं झाड मॉनार्क फुलपाखरांसाठी चांगलं म्हणतात. लावू का?

मॉनार्कच्या अळ्या मिल्कवीडच खातात, जशा आपल्याकडे त्याच्या जातभाईच्या अळ्या रुईवर वाढतात. हळदीकुंकू हे उष्ण कटिबंधातलं मिल्कवीड आणि नर्सरीत सगळ्यात सहज मिळणारं. पण आखाती किनाऱ्यावर आणि फ्लोरिडात ते हिवाळ्यातही हिरवं राहतं, आणि ओई नावाच्या परजीवीचे बीजाणू पानांवर साठत जातात. अळी ते खाते आणि फुलपाखरू पंख वाकडे घेऊन बाहेर पडतं. देशी मिल्कवीड थंडीत वाळतं, त्यामुळे साखळी तुटते. निचऱ्याच्या जागी अॅस्क्लेपियस ट्यूबरोसा, ओल्या जागी इन्कार्नाटा. हळदीकुंकू आधीच असेल तर शरदापासून हिवाळाभर ते वारंवार जमिनीपर्यंत कापत राहा.

वाफ्यात सतत गवत घुसतं. काय ते?

हरळी. इथे तिला बर्म्युडा म्हणतात आणि मुद्दाम लावतात. गणपतीला दूर्वा हव्यात म्हणून शोधत फिरलेले लोक मला माहीत आहेत, आणि त्या स्वतःच्या लॉनमध्येच उभ्या होत्या. वाफ्याच्या कडेने सहा इंच खोल चर ठेवा आणि महिन्यातून एकदा धावरे कापा. झाड लावण्याआधी हरळीच्या काड्या मातीतून वेचून काढा. पेरेनियलच्या गड्ड्यात ती एकदा शिरली की दोन्ही उपटून, मुळं धुऊन, सोडवण्याशिवाय इलाज नाही.

एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची सोसायटी, लॉन काढू देत नाही.

टेक्सासमध्ये २०१३ च्या कायद्यानुसार एचओएला दुष्काळ सोसणारी लागवड सरसकट नाकारता येत नाही. आराखडा मात्र आधी मंजूर करून घ्यायला सांगू शकतात. कागदावर कडा सरळ काढा आणि झाडांची नावं लिहा. फ्लोरिडातही फ्लोरिडा-स्नेही बागेसाठी असंच संरक्षण आहे.

भारतातून कंद किंवा बिया आणू का?

बॅगेत टाकून आणू नका. मातीसकट कंद आणि रोपं तर अजिबात नाही. बियांनाही कागदपत्रं लागतात आणि विमानतळावर सगळं जाहीर करावं लागतं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेतानाही जपून, विशेषतः कढीपत्ता. त्याच्यावर संत्रावर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवणारा किडा जगतो. २००५ मध्ये हा रोग फ्लोरिडात सापडला आणि तिथल्या संत्र्यांच्या बागा त्याने उद्ध्वस्त केल्या. त्यामुळे क्वारंटाइन भागातून कढीपत्त्याचं रोप बाहेर नेणं बेकायदा आहे. मैत्रिणीने कितीही प्रेमाने दिलं तरी गाडीत घालू नका.

सोनटक्का, कर्दळ, मिरची जास्वंद यांच्यासाठी एवढी खटपट लागतच नाही. गावातल्या कुणाकडे तरी ती असतातच. मार्चमध्ये विचारा, फुटवे वर येण्याच्या आत. एक गड्डा मागायला गेलात तर बहुधा पोतं घेऊन परत याल, कारण तिसऱ्या वर्षानंतर त्यांच्या मालकांना ती द्यायला माणसं पुरत नाहीत.